गाडी कोणाच्या हातात होती

नाना,

परवा साक्रीला तुमचं उत्तरकार्य, गंधमुक्ती झाली. घरापुढे मांडव होता. भजनं झाली, मग माईकवर माणसं बोलायला उठली. तुम्हाला माईक कधीच आवडला नाही. ट्रान्सपोर्टच्या यार्डात पंधरा ऑगस्टला शेठ तुमच्या हातात माईक द्यायचे आणि तुम्ही "बठ्ठं बेस शे", सगळं छान आहे, एवढंच म्हणून खाली बसायचात. परवा तुम्हाला कोणाला अडवता आलं नाही, त्यामुळे सगळे भरपूर बोलले.

शेठ जळगावहून खास आले होते. ते म्हणाले, "तीस वर्षांत नानांच्या गाडीला ओरखडा नाही. जाता जाता कोंडाईबारीच्या घाटात तेवढा एक डाग लागला. पण त्यात त्यांचा दोष नाही, वयाचा आहे. नजर कोणाचीच राहत नाही." मांडवातल्या माणसांनी माना हलवल्या. तिसऱ्या रांगेत सतरंजीवर मी बसलो होतो. मीही मान हलवली, नाना.

त्या दिवशी गाडी तुमच्या हातात नव्हती. माझ्या हातात होती. ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती आणि आता मला एकट्यालाच आहे. परवापासून मला जेवण जात नाही. कोणी मागून "रवी" म्हणून हाक मारली तरी मी वळून न बघता पुढे चालू लागतो.

हे मी गाडीच्या केबिनमध्ये बसून लिहितोय. यार्डात भरणी चालली आहे, अजून दोन तास तरी हमाल मोकळे होत नाहीत. वहीच्या मागच्या पानांवर लिहितोय. पुढच्या पानांवर तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलेलं आहे, कोणत्या चाकाची हवा कधी पाहिली आणि ऑइल कधी बदललं ते. माझं अक्षर पाहून तुम्ही म्हणायचात, कोंबडी बरी.

मागच्या अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, दुसऱ्या दिवशी मी यार्डात आलो, तेव्हा माझ्याकडे जड गाडीचं कोरं लायसन होतं आणि असोद्याच्या शिवारात सात वर्षं ट्रॅक्टर हाकल्याची घमेंड होती. केळीच्या बागेतून, गुडघाभर चिखलातून ट्रॉली काढली होती, ट्रक म्हणजे काय मोठं, असं वाटायचं. शेठनी मला तुमच्या हवाली केलं आणि एकच अट घातली. पहिलं वर्ष घाटात याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही. वर्ष नीट गेलं तर पुढच्या आखाजीला याला स्वतंत्र गाडी. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, "ट्रॅक्टर चालाडेल शे ना?" मी छाती काढून हो म्हणालो. "मंग अवघड शे," तुम्ही म्हणालात आणि चहा प्यायला निघून गेलात.

अवघड काय ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. ट्रॅक्टर थांबवताना आम्ही आधी क्लच दाबतो, मग ब्रेक. सात वर्षांत माझा डावा पाय डोक्याला न विचारता क्लचवर जायला शिकला होता. सपाट रस्त्यावर त्यानं फारसं बिघडत नाही. पण भरलेली गाडी उताराला लागली की तिला इंजिन धरून ठेवतं, आणि क्लच दाबला की ती पकड सुटते. मग सगळा माल मागून ढकलत येतो आणि एकटे ब्रेक किती वेळ टिकणार? "घाटमा गिअर एकच टाक, माथावर. मंग डावा पाय मरी गया समज," तुम्ही सांगायचात. मी समजत होतो. पायाला समजत नव्हतं.

तेव्हा तुम्ही तो गमछ्याचा उपाय काढलात. घाट मला बंद होते, पण उड्डाणपूल होते, नदीकडचे उतार होते. उतार आला की गाडी बाजूला घ्यायला लावायचात, गमछ्याचं एक टोक माझ्या डाव्या घोट्याला बांधायचात आणि दुसरं स्वतःच्या मुठीत धरून शेजारी बसायचात. पाय जरा हलला की हिसका. मी शिव्या गिळायचो. तुम्ही खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत बसायचात, जसं काही त्या हिसक्याशी तुमचा संबंधच नाही.

खरं सांगू का? त्या गमछ्याचा मला आधार होता. पहिले सहा महिने मी रोज घाबरलेलो होतो आणि ते कोणाला कळू नये म्हणून फार बोलायचो. आरशात मागून बस आली तरी माझे तळवे ओले व्हायचे. गाव आलं की वाटायचं आता कोणाचं तरी लेकरू पळत रस्त्यावर येणार. दिवसभर दात इतके आवळलेले असायचे की संध्याकाळी जबडा दुखायचा. आई फोनवर विचारायची, बरं चाललंय ना? मी म्हणायचो, एकदम झकास. घोट्याला गाठ बसली की मात्र वाटायचं, दुसरं टोक नानांच्या हातात आहे, मग काही होत नाही. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. उलट भांडलो.

धुळ्याच्या बायपासवर त्या टपरीवाल्याकडे आपण चहाला उतरलो आणि मी गाठ सोडायला विसरलो. गमछा पायात घोळवत खाली आलो. दहा-बारा ड्रायव्हर बसले होते. एकानं विचारलं, "नाना, वासरू कोन्ता बजारमाईन आनं?" टपरी हसून हसून लोटपोट झाली. तुम्हीही हसलात. माझे कान तापले. पुढचे दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो.

संक्रांतीच्या सुमाराला आपण मका घेऊन गुजरातला निघालो होतो. जळगावपासून साक्रीपर्यंत तुम्हीच चालवलीत, पाठ धरली होती तुमची. साक्रीला तुमच्या घरी कारभारणीच्या, अक्कांच्या, हातचा चहा झाला. मी रुसून चहा घेतला नाही, कारण वाटेत पुन्हा एकदा घाट मागितला होता आणि तुम्ही पुन्हा नाही म्हणाला होतात. कोंडाईबारीच्या माथ्यावर तुम्ही गाडी कडेला लावलीत. मी म्हणालो, "आठ महिने झाले नाना. मले येते गाडी. आज मले द्या, आन् ते दावं बांधू नका. मी काय ढोर हाओ का?" तुम्ही कंबरेवर हात ठेवून बराच वेळ खाली उताराकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "चहा बी नही पिना तू." आणि दार उघडून डाव्या बाजूला जाऊन बसलात. शेठची अट तीस वर्षांत पहिल्यांदा मोडलीत, ती माझ्या न प्यालेल्या चहापायी.

अर्धा उतार चांगला गेला. तिसरा गिअर, इंजिनाचा तो घुमणारा आवाज, मी तुमच्याकडे बघून हसलोसुद्धा. मग वळण आलं आणि वळणापलीकडे डोक्यावर मोळ्या घेतलेल्या दोन बाया रस्ता ओलांडत होत्या. एक पुढे गेली, दुसरी रस्त्याच्या मधोमध थबकली. माझा उजवा पाय ब्रेकवर गेला आणि डावा क्लचवर.

इंजिनाचा आवाज एकदम पातळ झाला. गाडी हलकी झाली, नाना. एवढा माल भरलेली गाडी हलकी झाली आणि पळायला लागली. त्या हलकेपणाची मला आजही भीती वाटते. बसल्या जागी कधी कधी तो परत येतो आणि मी हाताला लागेल ते धरतो. तुम्ही ओरडत होतात, "पाय! पाय उचाल!" मला ऐकू येत होतं, पण पाय माझा राहिला नव्हता. तेव्हा तुम्ही वाकलात, माझ्या पॅन्टचा पाय गुडघ्याखाली दोन्ही हातांनी धरलात आणि ओढून वर उचललात. गाडीला हिसका बसला, इंजिनानं धरलं, आणि तुम्ही एका हातानं स्टिअरिंग डोंगराकडे ओढलंत. डावी बाजू दगडाला घासत गेली. फळ्या तुटल्या, आरसा गेला, आणि आपण रस्त्याकडेच्या चारीत जाऊन थांबलो. पोती फुटून मका रस्ताभर झाला.

बाई वाचली होती. मोळी टाकून ती आपल्या गाडीपाशी आली आणि तिनं आपल्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुम्ही खाली उतरून तिला हात जोडलेत, मोळी पुन्हा बांधून तिच्या डोक्यावर दिलीत. मग वर आलात. मी स्टिअरिंगला चिकटून बसलो होतो. "सरक," तुम्ही म्हणालात. मी सरकलो. तुम्ही माझ्या जागेवर बसलात आणि शेठना फोन लावलात. "गाडी मना हातमा व्हती, शेठ. वळनवर दिसनं नही."

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. मला हायसं वाटलं.

परतताना मी म्हणालो, शेठला मी खरं सांगतो. तोंडातल्या तोंडात म्हणालो, तुम्हाला ऐकू आलं नाही तर बरं अशा आवाजात. तुम्हाला आलं. "आते सांगशी ते तुनं स्टिअरिंग गयं समज. आखाजी व्हऊ दे, तुनं वरीस भरू दे. मंग तू सोता सांग." मी लगेच बरं म्हणालो. इतकं लगेच की तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत.

शेठनी तुम्हाला शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं. आता आराम करा म्हणाले. ज्यांना तुम्ही गाडी शिकवली त्यांनी चष्म्यावरून थट्टा केली आणि तुम्ही खरंच जाऊन चष्मा करून आणलात. मी दुसऱ्या उस्तादाबरोबर साक्रीवरून जायचो तेव्हा पाच मिनिटं उतरायचो. तुम्ही ओट्यावर बसलेले असायचात, नाकावर तो चष्मा. "पाय काय म्हनस?" एवढंच विचारायचात. मेला, मी सांगायचो. मग आपण हसायचो. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही. फक्त शेवटच्या वेळी गाडीपर्यंत सोडायला आलात आणि म्हणालात, "आखाजीले कितला दिन राह्यनात?" मी म्हणालो, दीड महिना, थोडे वरच. तुम्ही हं म्हणालात. पंधरा दिवसांनी तुम्ही गेल्याचा निरोप आला.

तेव्हा मी रडलो, नाना, खूप रडलो. पण रडता रडता मनाच्या एका कोपऱ्यात एक विचार आला की आता कोणाला काही सांगायची गरज नाही. तो विचार मीच केला, दुसऱ्या कोणी नाही. मग त्याला मी टेकूही शोधला. अट तुम्ही मोडली होती, मग खोटं बोललात ते थोडं स्वतःसाठीही असेल. असं म्हटलं की मला दोन घटका बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा जास्त वाईट वाटतं. तुमच्यावर रागही येतो. आखाजीपर्यंत थांबायला काय झालं होतं? तुम्ही ओट्यावर बसलेले असतात, तर मला सांगावंच लागलं असतं. आता मला कोणी धरलेलं नाही, आणि मोकळं सुटल्यावर माझं काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे.

सांगितलं तर स्टिअरिंग जाईल. आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय की आखाजीला रवीला गाडी मिळणार. पुन्हा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसायचं आणि त्याच गल्लीतून जायचं. नाही सांगितलं तर गाडी मिळेल आणि मी एकटा कोंडाईबारी उतरीन, आणि दर खेपेला कोणीतरी त्या दगडाकडे बोट करून म्हणेल, अठे नानानी नजर गई. दोन्हींची भीती वाटते. कोणती जास्त, ते इथे बसून दोन तास झाले तरी कळत नाही. हमाल दोर आवळायला लागले आहेत.

•

नाना, इथवर लिहून वही मिटली त्याला आठ दिवस झाले.

त्या खेपेला कोंडाईबारी उतरताना उस्ताद चालवत होता आणि मी शेजारी. त्या वळणावर त्यानं गाडी हळू केली आणि सहज म्हणाला, "बिचारा नाना." खाली विसरवाडीला जेवायला थांबलो तर शेवभाजीचा घास तोंडात फिरायला लागला. उठलो आणि मोरीवर जाऊन ओकलो. उस्ताद म्हणाला, ऊन लागलं.

परत आल्यावर सकाळी सरळ ऑफिसात गेलो. बसलो असतो तर पुन्हा उठून आलो असतो, म्हणून उभ्यानंच सांगितलं. शेठ कागदं बघत होते. सगळं ऐकेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. मग म्हणाले, "मी मांडवात माईकवर बोललो तेव्हा तू होतास?"

"होतो."

"मग मला एकट्याला काय सांगतोस? मी दोनशे माणसांसमोर बोललोय. चल बाहेर."

यार्डात दहाच्या चहाला सगळे जमले होते. शेठनी मला मधे उभं केलं आणि स्वतः मागे जाऊन थांबले. पहिलं वाक्य दोनदा अडकलं. गाडी माझ्या हातात होती, मी म्हणालो, क्लच मी दाबला, नानांनी माझा पाय ओढून काढला म्हणून ती बाई वाचली आणि मीही वाचलो. मग तो वासरूवाला, ज्यानं टपरीवर थट्टा केली होती, हातातला कप खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे नानानी नजर बराबर व्हती." तो माझ्याशी बोलत नव्हता. चष्म्यावरून स्वतः काय काय बोललो ते त्याला आठवत असावं, कारण नंतर तो चहा न पिताच गेला.

शेठनी गाडी दिली नाही. हाकललंही नाही. आखाजीपासून पुन्हा पहिल्यापासून वर्ष, म्हणाले, आणि घाट बंद. मी हो म्हणालो. आईला अजून सांगितलेलं नाही, ते बाकी आहे.

काल साक्रीला उतरून अक्कांकडे गेलो. शेठपेक्षा मला त्यांची जास्त भीती वाटत होती. त्या गहू पाखडत होत्या. मी उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवा बसलो आणि सांगितलं. सूप थांबलं. मला वाटलं आता उठून दार लावून घेतील. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यासले दिसे?"

"दिसायचं अक्का. माझ्यापेक्षा चांगलं."

मग त्या सांगत सुटल्या, माझ्याकडे न बघता. नजर गेली म्हणून त्या तुम्हाला घालून पाडून बोलल्या होत्या. इतकी वर्षं लोकांच्या जिवाशी खेळलात का, असंही एकदा म्हणाल्या होत्या. तुम्हाला मोटरसायकलला हात लावू दिला नाही. आणि बाजाराला जाताना हायवे ओलांडायचा असला की तुमचा हात धरायच्या, गाड्या येतात-जातात, तुम्हाला दिसायचं नाही म्हणून. तुम्ही मुकाट्यानं हात द्यायचात आणि लहान पोरासारखे त्यांच्याबरोबर पलीकडे जायचात.

"सारा जलम हात धरू दिधा नही," अक्का म्हणाल्या. "लोके देखतीन म्हने. आन् हाई दोन महिना रोज धरू दिधा."

त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना. मी पाणी आणायला उठलो तर त्यांनी हातानं खाली बस म्हणून खुणावलं. सुपातले गहू मुठीत घेतले, पुन्हा सोडले.

"त्यासले बठ्ठं दिसे ना रे?"

"बठ्ठं, अक्का."

"मंग हात धरतांना माले बी बराबर देखं व्हई त्यासनी."